शर्यतीआधीची तुतारी: जपानमधले घोडे आणि ते वीस-पंचवीस सेकंद

निशिकासाईकर

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्यानं विचारलं, "अरिमा किनेन बघायला येतोस? जोडीदाराचं यायचं रद्द झालंय, एक तिकीट शिल्लक आहे." घोड्यांच्या शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे गृहस्थ लिफ्टमध्ये हवापाण्यापलीकडे कधी बोलत नाहीत, तेव्हा नाही म्हणवेना. निशी-कासाईहून तोझाई लाइननं निशी-फुनाबाशी, तिथून मुसाशिनो लाइननं एकच स्टेशन. फुनाबाशी-होतेनला उतरलो तर अख्खा प्लॅटफॉर्म वर्तमानपत्र आणि लाल पेन्सिल घेऊन चालत होता.

आधी पॅडॉक पाहिला. तिथे हजारो माणसं, पण देवळातल्यासारखी शांतता. घोडे गोल फिरताहेत, मोतद्दार लगाम धरून चालताहेत. मग एकदम "तोमारे!" अशी हाक आली. म्हणजे "थांबा!" सगळे घोडे जागच्या जागी उभे राहिले आणि जॉकी धावत येऊन स्वार झाले. मला वाटलं, हाच परमोच्च क्षण.

तो नव्हताच. शर्यतीची वेळ झाली तशी एक माणूस गाडीवरच्या उंच पाळण्यात चढला आणि त्यानं लाल निशाण हलवलं. बँडवाल्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावले, आणि पुढची वीस-पंचवीस सेकंद जे काही वाजलं त्यानं अंगावर सर्रकन काटा आला. आख्खा स्टँड वर्तमानपत्राच्या सुरळ्या तळहातावर आपटत ताल देत होता, मधल्या जागांमध्ये "ओइ! ओइ!" ओरडत होता. माझे सहकारीसुद्धा! हा माणूस ओरडू शकतो हे मला पाच वर्षांत कळलं नव्हतं.

मी तीनशे येन लावले, तिन्ही तिकिटं फुकट गेली. पण ती धून अजून भांडी घासताना तोंडात येते. तर प्रश्न असे:
ही धून कोणी केली? सगळीकडे हीच वाजते का? घोड्यांना याचा त्रास होत नाही का? आणि मुख्य म्हणजे, पैसे लावायच्या ठिकाणी एवढ्या साग्रसंगीत सोहळ्याचं कारण काय?

चिंचगूळ

वाचतेय. सहकाऱ्यांचं वर्णन आवडलं. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात असा एक जण आहे, फक्त गणपतीत बोलतो.

ओसाकावाला_बंड्या

छान धागा. इथे तेरा वर्षं काढली आहेत, थोडं सांगतो.

नाही, सगळीकडे एकच धून नाही. जेआरएची, म्हणजे जपान रेसिंग असोसिएशनची, दहा रेसकोर्स आहेत. पूर्वेकडे तोक्यो (जे फुचूत आहे) आणि नाकायामा (जे चिबात आहे, तू गेलास ते) यांची फॅनफेअर (शर्यतीआधीची ही तुतारीची धून) एका घराण्याची, तर इकडे क्योतो आणि हानशिनची दुसऱ्या. त्यातही साधी शर्यत, विशेष शर्यत, दर्जाची शर्यत आणि सर्वांत वरची जी-वन, प्रत्येकीची धून वेगळी. उड्यांच्या शर्यतीची आणखी निराळी. मुरलेले लोक डोळे मिटूनही सांगतात आता कुठल्या दर्जाची शर्यत आहे ते. साध्या शर्यतींना ध्वनिमुद्रण वाजवतात. मोठ्या जी-वनला प्रत्यक्ष बँड असतो. डर्बीला स्वसंरक्षण दलाचं पथक बघितलंय, इकडे विद्यार्थ्यांची पथकंही असतात.

तू ऐकलीस ती पूर्वेकडची जी-वनची धून कोइची सुगियामा यांची. आमच्या पश्चिमेकडची हिरोशी मियागावा यांची, "स्पेस बॅटलशिप यामातो"चं संगीत देणारे तेच. आणि ताकाराझुका किनेन या एका शर्यतीला तर स्वतःचं स्वतंत्र फॅनफेअर आहे. असा मान दुसऱ्या कुणाला मिळतो सांगा.

पूर्वेची धून भारदस्त आहे हे मान्य. पण जरा सरकारी समारंभ वाटतो. आमची ऐकली की पाय आपोआप हलतात.

पिक्सेलपांडू

थांबा थांबा थांबा. कोइची सुगियामा म्हणजे ड्रॅगन क्वेस्ट या व्हिडिओ गेमचे सुगियामा???

ओसाकावाला_बंड्या

तेच.

पिक्सेलपांडू

अरे देवा. आयुष्यातले किती शेकडो तास मी त्या माणसाच्या संगीतावर राक्षस मारण्यात घालवलेत, मोजायची हिंमत नाही. २०२१च्या तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते ड्रॅगन क्वेस्टच्याच धुनेवर. रिकाम्या स्टेडियममध्ये ती सुरावट लागली आणि मी इथे डोंबिवलीत सोफ्यावर उभा राहिलो. आईनं विचारलं, राष्ट्रगीत आहे का रे? म्हटलं, जवळपास. त्यानंतर दोनच महिन्यांत, सप्टेंबर अखेरीस, सुगियामा गेले. नव्वद वर्षांचे होते.

आता ऐकून आलो. त्या धुनेत राजा दरबारात बोलावतोय असंच वाटतं. अरिमाला हजारो लोक खेळाच्या पहिल्या पडद्यावर उभे आहेत, एवढाच फरक.

अर्धीभाकर

सुगियामांना स्वतःला शर्यतींचा मोठा नाद होता असं वाचलंय. म्हणजे ज्याला तिकीट हातात धरून उभं राहण्याची धडधड माहीत आहे त्यानं ती रचली. बाहेरून काम दिलेल्या माणसाला हे जमत नाही.

फाटकआजोबा

निशिकासाईकर, तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं इतर देतील, मी चौथ्यापुरता येतो.

आमचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर जायचे. घरात सांगायचं "मंडईत जातो" आणि यायचं संध्याकाळी, पिशवी रिकामीच. आठ-दहा वर्षांचा असताना एकदा मलाही घेऊन गेले. मला संगीत काही आठवत नाही. आठवतो तो भोंग्यावरचा इंग्रजी आवाज, पावसानं भिजलेल्या गवताचा वास, आणि वडिलांचा माझा हात घट्ट धरलेला ओला तळवा. घोडे सुटले की तो हात आणखी आवळायचा. पुढे कितीतरी वर्षं मला घाम आणि घोडा ही एकच गोष्ट वाटायची.

तुम्ही सांगता ती धून म्हणजे मला आपल्या नाटकाची तिसरी घंटा वाटते. पहिल्या दोन घंटांना लोक बटाटेवडा खात असतात. तिसरी झाली की खुर्ची सावरायची आणि गप्प बसायचं. पैशाचा संबंध असो वा नसो, कुठल्याही खेळाला "आता झालं ते झालं, आता बघा" असं सांगणारं काहीतरी लागतं.

हलगी_कागलची

आजोबा, तिसरी घंटा नव्हं, हलगी म्हणा! आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीला हलगी-घुमकं कडाडलं की बैल आणि माणूस दोघांच्याबी अंगात येतंय. २०१४ ला बंदी आली तवा मैदानं सुनी पडली, २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि पैल्यांदा हलगी ऐकली तवा आमचं म्हातारं रडलं. जपान्याला सांगा एकदा कागलला ये.

संध्याछाया

तुतारी म्हणा, हलगी म्हणा, पण शीर्षकात "तुतारी" बघून मी राजकारणाचा धागा समजून आले होते. संपादक मंडळ, याला निवडणूक चिन्हाचा प्रचार धरून उडवू नका हो.

निशिकासाईकर

@संध्याछाया: 😄 शीर्षक बदलू का?

संध्याछाया

नको, त्यानेच वाचक येतील.

स्वच्छमत

सगळे संगीतात रमलेत म्हणून एक कडू गोष्ट. जुगार तो जुगार. त्याला तुतारी लावा नाहीतर सनई लावा. हरलेल्या माणसाची बायको घरी फॅनफेअर ऐकत नाही. फाटकआजोबांच्या आईला विचारा.

फाटकआजोबा

आईला विचारायची सोय राहिली नाही. पण तुमचं खोटं नाही. ती रविवारी स्वयंपाक दोन माणसांचाच करायची. वडील आल्यावर कळायचं उरलेला करायचा की नाही.

अर्धीभाकर

@स्वच्छमत: मुद्दा कळतो. तिथे मात्र हा सरकारी धंदा आहे. जेआरएच्या विक्रीतला दहा टक्के भाग थेट सरकारी तिजोरीत जातो आणि नफ्यातलाही वाटा निराळा जातो. १९९६च्या एका अरिमा किनेनवर आठशे पंचाहत्तर अब्ज नव्हे, सत्त्याऐंशी अब्जांहून जास्त येन लागले होते. (शून्यं मोजताना मी आधी चुकलो, माफी.) एवढे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेला "आम्ही अड्डा नाही, राष्ट्रीय सोहळा आहोत" असं दाखवणं भाग आहे. गणवेशातला बँड, डर्बीआधी राष्ट्रगीत, हे सगळं त्यातच आलं. म्हणजे धागाकर्त्याच्या चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर: इभ्रत.

स्वच्छमत

बरोबर. इभ्रतीचा कोट. खाली तोच सदरा.

डॉ_खूर

घोड्यांविषयी कुणी बोलेना म्हणून आले. मी पशुवैद्य, बहुतेक गायी-म्हशी पाहते, पण शिकत असताना रेसकोर्सच्या तबेल्यात काम केलंय.

घोड्याचे कान जवळजवळ अर्ध्या वर्तुळात फिरतात, तेही दोन्ही स्वतंत्र. आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतले आवाज त्याला ऐकू येतात. कळपातला, पळून जीव वाचवणारा प्राणी आहे तो. अचानक मोठा आवाज म्हणजे त्याच्या लेखी वाघ. म्हणूनच जपानमध्ये कित्येक घोड्यांच्या डोक्यावर कापडी टोपरं दिसतं, कानांसकट झाकणारं. त्याला मेन्को म्हणतात. काहींचं शर्यतीआधी काढतात, काहींचं ठेवतात. फोटोत पाहिलं तर रंगीत बाळटोपडं वाटतं, गोड दिसतं, पण काम आवाज कमी करण्याचं आहे.

त्यातून तोक्योचा २४०० मीटरचा आरंभ (डर्बीचा, जपान कपचा) थेट प्रेक्षकांच्या स्टँडसमोर. लाखभर माणसं टाळ्या वाजवताहेत आणि चार पायांवर उभा तीन वर्षांचा पोरगा. माझं मत स्पष्ट आहे: बँड वाजू दे, माणसांनी गप्प बसावं.

ओसाकावाला_बंड्या

डॉक्टर, तुमच्या बाजूनं पुरावा देतो. २०१५चं ताकाराझुका किनेन. मी स्वतः निगावा स्टेशनवर उतरून गेलो होतो. गोल्डशिप नावाचा पांढुरका घोडा, आधीची दोन वर्षं हीच शर्यत जिंकलेला, लोकांचा लाडका आणि अट्टल नाटकी. फॅनफेअरला आम्ही नुसते बेभान झालो होतो. दार उघडलं आणि हा पठ्ठ्या पुढचे दोन पाय आभाळात! बाकीचे निघून गेले, हा मागाहून रमतगमत. पंधरावा आला. त्याच्यावर लागलेले बारा अब्ज येन दोन सेकंदांत रद्दी. माझेही दोन हजार त्यात. आम्ही ओरडलो नसतो तर?

डॉ_खूर

माझी बाजू घेतल्याबद्दल आभार, पण पुरावा कच्चा आहे. फॅनफेअर घोडे दारात शिरण्याआधी वाजतं. त्यानंतर आधी विषम क्रमांकाचे घोडे आत घेतात, मग सम, आणि सर्वांत बाहेरचा शेवटी. सोळा-अठरा घोडे भरायला वेळ जातो. गोल्डशिप आधीपासूनच लहरी होता. शिवाय अरुंद पेटीत शेजारचा घोडा धुसफुसत असला की त्याचाही परिणाम होतो. त्याचं खापर तुमच्या घशावर फोडता येणार नाही. दोन हजारांचंही नाही.

ओसाकावाला_बंड्या

दहा वर्षं अपराधी वाटत होतं. डॉक्टर, तुमची फी किती?

डॉ_खूर

दोन हजार येन.

पितळी

मी ट्रम्पेट वाजवतो, लग्नाच्या बँडपासून लष्करी बँडपर्यंत सगळीकडे वाजवलंय. श्रोत्यांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट सांगतो.

अरिमा डिसेंबरच्या शेवटी, उघड्यावर. पितळ गार पडलं की आतली हवा गार, आणि सूर उतरतो. ओठ बधिर होतात. माउथपीस खिशात किंवा मुठीत धरून त्याला ऊब द्यायची असते. आता विचार करा: तुम्ही रांगेत उभे आहात, कधी वाजवायचं ते तुमच्या हातात नाही, पाळण्यातला तो माणूस निशाण हलवेल तेव्हा. मग गार ओठांनी पहिलाच सूर उंचावर, तोही अख्ख्या देशासमोर दूरचित्रवाणीवर. मैफिलीत पहिला राग चुकला तर दुसऱ्यात सावरता येतं. इथे वीस सेकंदांत सगळं संपतं. एखादा सूर फाटला की स्टँडमधून "ओऽऽ" असा आवाज येतो म्हणे, आणि वर्षानुवर्षं लोक ती चूक लक्षात ठेवतात. मला कुणी दहा लाख येन दिले तरी अरिमाला उभा राहणार नाही.

खोटं बोललो. फुकटही राहीन.

सर्किटराव

टाळ्यांचा ताल नेहमी फाटतो अशी जाणकार तक्रार करतात, त्यात बिचाऱ्या प्रेक्षकांचा दोष नाही, भौतिकशास्त्राचा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँड मैदानाच्या एका ठिकाणी, स्टँड शेकडो मीटर लांब. तिनशे मीटरवरच्या माणसाला सूर जवळपास सेकंदभर उशिरा पोहोचतो, तो त्यावर टाळी देतो, ती इकडे येईपर्यंत आणखी उशीर. त्यात भोंग्यांचा आवाज निराळ्या वेळी. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथक लांबलं की मागचे ढोल मागे पडतात, तेच हे.

चिंचगूळ

धागा वाचून नवऱ्याला फॅनफेअर ऐकवलं. तो म्हणाला, "आपल्या लग्नात हे का नव्हतं?"

योकोहामाची_मीनल

टाळ्यांच्या वादात माझे दोन पैसे. मी २०२०चा डर्बी घरी टीव्हीवर पाहिला. ३१ मे, करोना, फेब्रुवारीच्या अखेरीपासून सगळ्या शर्यती प्रेक्षकांविना. फुचूच्या ज्या स्टँडमध्ये १९९०च्या डर्बीला १,९६,५१७ माणसं होती, तो सगळा रिकामा. फॅनफेअर वाजलंच. पहिल्यांदा मला ते पूर्ण ऐकू आलं, प्रत्येक सूर, शेवटचा लांबवलेला सूरसुद्धा, आणि त्यानंतर काहीच नाही. पक्ष्यांचे आवाज येतील इतकी शांतता. कॉन्ट्रेल जिंकला. त्याचा जॉकी फुकुनागा रिकाम्या स्टँडसमोर आला, हेल्मेट काढलं आणि वाकून नमस्कार केला. कुणाला? खुर्च्यांना.

माझे सासरे (जपानी, सत्तर पार, टाळ्यांचे कट्टर विरोधक, "आमच्या वेळी असला धांगडधिंगा नव्हता") शेजारी बसले होते. फॅनफेअर संपल्यावर ते हळूच म्हणाले, "साबिशीइ ना." ओकंबोकं वाटतंय नाही?

तेव्हापासून त्यांनी विरोध सोडलेला नाही. फक्त आवाज खाली आलाय.

डॉ_खूर

मीनल, माझाही थोडा खाली आला.

हलगी_कागलची

आता कसं बोललात!

सुरणाचेकाप

अवांतर: तिथे खायला काय मिळतं? धाग्यात शंभर गोष्टी आल्या, खाण्याचं नाव नाही. मराठी संस्थळ आहे ना हे?

निशिकासाईकर

@सुरणाचेकाप: मोत्सुनिकोमी. मिसो घातलेल्या रश्श्यात शिजवलेली आतडी, वर कांद्याची पात. थंडीत वाटी हातात धरली की बरं वाटतं. मी शाकाहारी, म्हणून फक्त वाटी धरली.

सुरणाचेकाप

तुम्ही शर्यतीला जाऊन पैसे हरलात, वाटी धरून खाल्लं नाहीत, आणि आनंदी परत आलात. धन्य.

फाटकआजोबा

मीनलताईंचं वाचून माझं घंटेचं मत थोडं बदललं. तिसरी घंटा माणसाला गप्प करते. तुमची धून उलटी, ती आधी बोलायला लावते. आपल्याकडे त्याला जवळचं काय, याचा कालपासून विचार करतोय. अंतरपाट. भटजी "शुभमंगल सावधान" म्हणतात, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, पोरं टाळ्यांच्या तयारीत, बँडवाला दाराशी डोळे लावून. पाट अजून धरलेलाच आहे. त्या वेळी नवरा चांगला निघेल की वाईट याचा हिशोब कुणी करत नसतं.

माझे वडील हरायचे, पण पुढच्या रविवारी परत जायचे. मला वाटतं त्यांना घोडा नको होता, तो पाट धरलेला क्षण हवा होता. आईला हे सांगितलं असतं तर तिनं लाटणं फेकून मारलं असतं, आणि बरोबरच होतं.

स्वच्छमत

आजोबा, इथे मी भांडणार नाही.

पिक्सेलपांडू

+१. आणि अंतरपाटाच्या वेळी ड्रॅगन क्वेस्ट लावायचं ठरलं. मुलगी शोधणं बाकी.

निशिकासाईकर

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना या धाग्याबद्दल सांगितलं. विचारलं, तुम्ही का ओरडता? ते बराच वेळ बेंटोकडे, म्हणजे जेवणाच्या डब्याकडे, बघत राहिले. मग म्हणाले, १९९०च्या अरिमाला, ओगुरी कॅप या घोड्याच्या शेवटच्या शर्यतीला, ते वडिलांबरोबर नाकायामाला होते. पावणेदोन लाखांवर माणसं होती. वडिलांचा आवाज त्यांना नीट आठवत नाही आता. फॅनफेअर लागलं की त्यातला "ओइ" आठवतो. शेजारून येणारा.

मग लगेच घड्याळ बघून "मीटिंग" म्हणाले आणि उठले.

रविवारी फुचूला जातोय त्यांच्याबरोबर. साध्या शर्यतींचा दिवस आहे, बँड नाही, ध्वनिमुद्रणच वाजेल. कुणी येणार असेल तर केइओ लाइनच्या रेसकोर्स स्टेशनबाहेर सकाळी दहाला. प्रवेश दोनशे येन. ओसाकावाला, तुला बोलावत नाही, तुझे पाय हलणार नाहीत.

ओसाकावाला_बंड्या

शिंकान्सेनचं तिकीट बघतोय.